घाटावर ४० अंशांत टिकणारी गाय कोकणात ३३ अंशांत का धापते?

प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दिवाळीनंतर घाटावरून दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आणल्या. तिकडे मे महिन्यात पारा ४० पर्यंत जायचा, तरी एकेक गाय दिवसाला १२ लिटर दूध द्यायची. इथे पारा ३३-३४ च्या पुढे गेलेला नाही, पण दोन्ही गायी दुपारभर धापतात, लाळ गाळतात आणि दूध ८ लिटरवर आलंय. एक गाय दोनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभ धरला नाही. दुसरी गाभण आहे, श्रावणात विणार. पत्र्याखाली बारीक तुषार उडवणारा फॉगर बसवला, अंगावर ओली गोणपाटं टाकली, तरी फरक नाही. शेजारची गावठी गाय मात्र त्याच हवेत खुशाल रवंथ करत बसते. आजी म्हणतात दृष्ट लागली. शेतकऱ्याचं विचारणं आहे: जनावराच्या अंगात ही उष्णता येते कुठून, टिकते कशी आणि जाते कशी, ते एकदा नीट सांगा.

मी तीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात गुरांची डॉक्टरकी करतोय. हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो आणि विचारणारा प्रत्येक जण पाऱ्याचा आकडा सांगतो. हवा किती दमट आहे, रात्री गोठ्यात काय परिस्थिती असते, हे कोणी सांगत नाही. तुमच्या गायींचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. उन्हातून येते ती वेगळी, पण मुख्य चूल पोटात आहे. गायीचं मोठं पोट म्हणजे पेंढा, गवत, पेंड आंबवणारं पिंप. त्यातले जिवाणू चारा कुजवून त्याची आम्लं करतात आणि त्या कामात उष्णता सुटते. शेणखताच्या ढिगात हात घातला तर तो गरम लागतो, तसाच हा प्रकार. शिवाय काळीज चोवीस तास चालतं, यकृत राबतं, स्नायू हलतात आणि कास रक्तातून दूध बनवते. यातलं प्रत्येक काम अन्न जाळून होतं आणि जाळलेल्या अन्नाचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. दूध जितकं जास्त तितकी चूल मोठी.

ढोबळ हिशोब सांगतो. ४०० किलोची, १२ लिटर देणारी संकरित गाय नुसती उभी असली तरी साधारण ७५० वॅट उष्णता तयार करते. म्हणजे घरातली कपड्यांची इस्त्री दिवसरात्र चालू आहे असं समजा. शेजाऱ्यांची गावठी गाय २५० किलोची आणि दूध जेमतेम २ लिटर. तिची उष्णता ४०० वॅटच्या आसपास, म्हणजे निम्मीच. पण तिची कातडी काही तुमच्या गायीच्या निम्मी नसते, पाऊणपट तरी भरते. शरीर लहान झालं की वजन जितकं घटतं तितकं कातडीचं क्षेत्रफळ घटत नाही. चूल निम्मी आणि उष्णता सोडायला कातडी पाऊणपट, इथेच गावठी गाय अर्धी बाजी मारते. उरलेली अर्धी तिच्या कातडीत आहे. आपल्या वशिंडाच्या गायींच्या घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि जास्त काम करणाऱ्या असतात, केस आखूड आणि चकचकीत असतात, गळ्याखाली पोळी लोंबत असते. कोकण कपिला ही आपली लहान चणीची गाय. २०१८ साली तिची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. आपण तिला ‘दूध देत नाही’ म्हणून नावं ठेवतो, पण दूध देत नाही आणि धापत नाही ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत.

आता ही ७५० वॅटची उष्णता बाहेर गेलीच नाही तर काय होईल? ४०० किलोचं शरीर एका अंशाने तापवायला साधारण ३३० किलोकॅलरी लागतात आणि तुमची गाय तासाला ६५० च्या आसपास तयार करते. म्हणजे सगळ्या वाटा बंद झाल्या तर अर्ध्या तासात अंग एका अंशाने तापेल. गायीचं नेहमीचं तापमान ३८.५ अंश, म्हणजे आपल्या फॅरेनहाइटच्या थर्मामीटरवर १०१.५ च्या जवळपास. ४१ च्या वर गेलं की जिवाशी गाठ. मधे जेमतेम अडीच अंशांची जागा आहे. तरीही बहुतेक गायी जगतात, कारण उष्णता जायच्या वाटा पूर्ण बंद होत नाहीत, फक्त अरुंद होतात.

त्या वाटा चार. अंगाला थंड वस्तू लागली की उष्णता तिच्यात उतरते, जनावर म्हणूनच गार कोब्यावर पोट टेकून बसतं. वारा अंगाला चाटून जातो तेव्हा कातडीलगतची गरम हवा घेऊन जातो. तिसरी वाट किरणांची: गरम वस्तू सभोवतीच्या थंड वस्तूंकडे न शिवता उष्णता फेकते, रात्री उघड्या आभाळाकडेसुद्धा. पण ही वाट उलटीही चालते. दुपारी तापलेला पत्रा खालच्या गायीवर हीच किरणं ओततो. तुम्ही सावली केली म्हणता, पण पत्रा हात लावता येणार नाही इतका तापला असेल तर ती सावली नाही, तवा आहे. आणि चौथी वाट बाष्पीभवनाची, घाम आणि श्वासातली वाफ. हवा कातडीइतकीच गरम झाली की पहिल्या तीन वाटा जवळपास बंद होतात आणि सगळा भार चौथीवर येतो.

या चौथ्या वाटेची ताकद किती? १ लिटर पाणी अंगावरून नुसतं ओघळून गेलं, २८ अंशांचं ३८ झालं, तर ते १० किलोकॅलरी घेऊन जातं. तेच १ लिटर पाणी अंगावर सुकलं तर साधारण ५८० किलोकॅलरी नेतं. अठ्ठावन्न पट! गोठ्यातला पाण्याचा सगळा खेळ या दोन आकड्यांत आहे. पाणी मारलं किती याला फारसा अर्थ नाही, सुकलं किती याला आहे.

इंग्लंडात १७७४ साली चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर आणि त्याचे मित्र भयंकर तापवलेल्या कोरड्या खोलीत जाऊन बसले होते. खोलीचा पारा पाणी उकळण्याच्या बिंदूच्याही वर, सोबत टोपलीत एक कुत्राही. माणसं आणि कुत्रा सुखरूप बाहेर आले, त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजला. मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. खोलीत उघड्या भांड्यात ठेवलेलं पाणी काही केल्या उकळेना, कारण वाफ होऊन ते स्वतःला गार करत होतं. मग त्यांनी वर थोडं तेल सोडलं. तेलाने वाफेची वाट अडवली आणि पाणी उकळायला लागलं.

कोकणातली मे महिन्यातली हवा म्हणजे हे तेल. ती आधीच पाण्याने भरलेली असते, आणखी पाणी घ्यायची तिला तहानच नसते. धुतलेली चादर घाटावर तासाभरात कडकडीत वाळते, आपल्याकडे मे अखेरीस संध्याकाळपर्यंत दमट राहते. गायीचा घामही त्याच चादरीवरचं पाणी. दुभत्या जनावरांसाठी तापमान आणि दमटपणा एकत्र धरून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की गायीला त्रास सुरू होतो असं जुनं गणित, जास्त दुधाच्या गायींना त्याआधीच. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर तो येतो ८३-८४. ३३ अंश आणि ७० टक्के धरली तर ८६. म्हणजे तुमची ३३ अंशांची दुपार घाटावरच्या ४० अंशांच्या दुपारीपेक्षा गायीला जड आहे.

पण दुपारीतला हा दोन-अडीच अंकांचा फरक एवढं दूध पाडत नाही. खरा घोळ रात्रीचा. घाटावर उन्हाळ्यात रात्री २४ अंशांवर उतरलं, आर्द्रता ५० टक्के धरली, तर निर्देशांक ७० च्या आसपास येतो. आपल्याकडे २७ अंश आणि ८५ टक्के धरा: ७९! घाटावरची गाय दिवसा अंगात उष्णतेची उधारी साठवते आणि रात्री फेडून मोकळी होते. कोकणातल्या गायीला फेडायला रात्रच मिळत नाही. सकाळी उठते तीच अर्धी तापलेली. म्हणून तुमच्याकडे दूध एका दिवसात नाही पडलं, हळूहळू उतरत गेलं. असंच झालं ना?

धापणं म्हणजे काय तेही सांगतो, कारण लोक धापणाऱ्या जनावराला दम्याचं समजतात. घामाने भागेना तेव्हा जनावर श्वासाची गती वाढवून नाकातला, घशातला ओलावा सुकवतं. कुत्रा आणि कोंबडी यांची मुख्य वाट हीच. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या तळव्यालाच, कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. गाय दोन्ही वाटा वापरते. पण धापण्याची किंमत असते. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्ताचं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं. उन्हाळ्यात कोंबड्यांच्या अंड्यांचं कवच पातळ होतं ते बरंचसं यामुळेच. गायीत लाळ बाहेर गळते आणि लाळेतला सोडा, जो पोटातलं आम्ल मारायला हवा असतो, तो जमिनीवर जातो. त्यात धापणारी गाय पेंढा कमी खाते, पेंड मात्र खाते. मग पोट आंबट होतं, दुधाचं फॅट घसरतं आणि आपण डेअरीवाल्याशी भांडत बसतो.

बरगडीकडे बघून श्वास मोजायला शिका. मिनिटाला ३० च्या आसपास ठीक. ६० च्या वर गेले तर उष्णतेचा ताण. ९० च्या पुढे, तोंड उघडं, जीभ बाहेर, मान ताणलेली असेल तर फोन करत बसू नका, आधी पाण्याची नळी हातात घ्या.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीचं पहिलंच वर्ष, कुडाळकडचं एक गाव. कातळावर दुपारी बांधलेली म्हैस, धापा टाकतेय, अंगात १०६. घरधनीण म्हणाली, “डॉक्टरानू, म्हशीक ताप इलोसा वाटता, एक विंजेक्शन मारा.” मी मारलं. तासाने पुन्हा मोजला, १०६ च्या वरच. दुसरं मारायच्या तयारीत होतो, इतक्यात शेजारचे एक म्हातारे आले. त्यांनी मला काही विचारलं नाही, म्हशीचं दावं सोडलं आणि तिला व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नेऊन बसवलं. तासाभरात म्हैस १०२ वर आली आणि रवंथ करायला लागली. मी बॅग आवरली. पैसे घेतले नाहीत एवढीच अक्कल दाखवली.

ताप आणि तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूत तळाशी एक छोटा भाग शरीराचं तापमान राखतो. रोगजंतूंच्या तापात हा भाग स्वतःच आकडा वर सरकवतो, ३८.५ ऐवजी ४०.५ हवं असं ठरवतो. मग जनावर कुडकुडतं, केस उभारतात, कान गार पडतात, कारण शरीर मुद्दाम उष्णता साठवतंय. तापाचं औषध तो सरकलेला आकडा खाली आणतं. उष्णतेच्या ताणात आकडा जागेवरच असतो. शरीर जीव तोडून उष्णता फेकायला बघतंय, फक्त ती जात नाहीये. कान गरम, कातडी गरम, धाप चालू. तिथे तापाचं औषध काय करणार?

म्हणून तुम्ही एक काम आजच करा. पहाटे ५ ला आणि दुपारी ४ ला दोन्ही गायींचा ताप गुदद्वारात मोजा, चार दिवस. दुपारी १०३-१०४ आणि पहाटे १०२ च्या खाली असेल तर दुखणं हवेचं आहे. पहाटेही १०३.५ च्या वर असेल तर हवेला दोष देऊ नका. संकरित गायींना गोचीड ताप पटकन धरतो, त्यातही धाप लागते, दूध पडतं, खांद्याजवळच्या गाठी सुजतात. तेव्हा लगेच डॉक्टरांना बोलवून रक्त तपासून घ्या. हे मी फोनवर ओळखणार नाही आणि कोणी ओळखलं म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

म्हशीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. काळी कातडी, विरळ केस, घामाच्या ग्रंथी गायीच्या मानाने फारच कमी. उन्हात सर्वांत आधी तापणारं जनावर. मग हे जनावर दमट मुलखांत इतकं कसं रुळलं? कारण ते बाष्पीभवनाच्या भरवशावर राहतच नाही. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट चांगलं उष्णता वाहून नेतं. म्हैस पाण्यात बसली की कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतलं गरम रक्त कातडीला येतं आणि उष्णता थेट पाण्यात उतरते. हवा ८० टक्के दमट असो की १०० टक्के, त्याचा काही संबंध नाही. बाहेर निघाल्यावर अंगावरचा चिखल सावकाश सुकत राहतो, तो वेगळा फायदा. आपल्याकडच्या हवेवरचा सर्वांत शहाणा उपाय म्हशीने शोधलेला आहे आणि आपण व्हाळ आटला म्हणून तिला पत्र्याखाली बांधून ठेवतो. मग ती मुका, बाहेरून न कळणारा माज करते आणि आपण म्हणतो म्हैस गाभ धरत नाही.

उष्णता टिकवायची कला बघायची असेल तर गोठ्यापेक्षा बंदरावर जा. गेदर (टूना) मासा कापताना आत लालकाळं मांस दिसतं ना? त्या मांसाकडे जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना चिकटून, जाळीसारख्या असतात. स्नायूंतून परतणारं गरम रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच आपली उष्णता देऊन टाकतं. म्हणून मासा असूनही गेदराचे पोहायचे स्नायू पाण्यापेक्षा गरम राहतात. जुने मच्छीमार गेदर आधी बर्फात टाका म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे: अंगात ऊब आणि मांस लवकर बिघडणारं. गुहागर-दाभोळच्या समुद्रात डॉल्फिन दिसतात, त्यांच्या परांतही अशीच शेजारी-शेजारी वाहणाऱ्या रक्ताची जोडणी आहे. कातडीखालची चरबी ऊब धरते, नको असेल तेव्हा परांतून ती सोडून देतात. आणि तुमच्या गावच्या वळूच्या अंडकोशाच्या देठात हीच जाळी उलट्या कामाला लावलेली आहे. तिथे ती आत जाणारं रक्त गार करते, कारण बीज शरीरापेक्षा २ ते ६ अंश थंड जागेत नीट तयार होतं. भर उन्हाळ्यात तापून गेलेला वळू पुढे दोन महिने नुसता नावाला वळू असतो.

तुमची गाय उलटली त्यातही उष्णता आहेच, पण तुम्ही कृत्रिम रेतन केलं असेल तर दोष बीजाच्या कांडीला देऊ नका. गायीच्या अंगात १०४ ताप असताना पहिल्या काही दिवसांचा गर्भ तग धरत नाही. पाऊस पडून हवा उतरेपर्यंत भरवायची घाई करू नका, किंवा मी पुढे सांगतो ते आधी करा.

चिपळूणला वाशिष्ठीच्या काठावर थंडीत सकाळी मगरी चिखलावर पडलेल्या दिसतात. त्यांच्या पोटात गायीसारखी चूल नाही, ऊब उन्हातून उसनी घ्यायची. म्हणून मगर फार कमी खाण्यावर महिनोनमहिने काढू शकते. चूल पेटती ठेवायची तर रोज पेंढा, पेंड, पाणी हवं आणि धूर जायला धुराडं हवं. तुमच्याकडे चूल घाटाची आली, धुराडं मात्र कोकणातलं आहे.

आता गोठ्याकडे. पहिलं काम, फॉगर काढा. फॉगर हवेत बारीक तुषार सोडून हवा गार करतो, पण त्यासाठी हवा कोरडी लागते. आपल्याकडे तो हवा आणखी दमट करतो आणि गायीची चौथी वाट बुजवतो. घाटावर कोणी पाहुणे असतील तर त्यांना देऊन टाका, त्यांना उपयोगी पडेल. ओली गोणपाटं तर आधी काढा. दहा मिनिटं बरी वाटतात, मग अंगाच्या उबेने गरम होतात आणि गायीने गोधडी पांघरल्यासारखं होतं. वारा कातडीपर्यंत पोचतच नाही.

त्याऐवजी मोठ्या थेंबांचं पाणी, कातडी भिजेपर्यंत, पाठीवर आणि खांद्यावर, एक-दोन मिनिटं. मग बंद. मग पंखा, अंग सुकेपर्यंत, साधारण १० मिनिटं. पुन्हा पाणी. दुपारी ११ ते ५ हे चक्र चालवा आणि संध्याकाळच्या धारेआधी एकदा नक्की. पाणी कासेवर ओघळता कामा नये, ओल्या कासेने दगडी (कासेचा दाह) होते आणि मग उन्हाळा परवडला म्हणायची वेळ येते. पंखा भिंतीवर शोभेला नको, गायीच्या पाठीवर वारा जाणवला पाहिजे. यात कोकणाचा एक फायदा आहे. घाटावर हवा ४२ अंशांची झाली की कोरड्या अंगावर पंखा उष्णता वाढवतो. ब्लॅग्डेननेही तापल्या खोलीत भात्याने वारा घातला तेव्हा मांस आणखी लवकर शिजलं होतं. आपली हवा सहसा कातडीपेक्षा थंडच असते, म्हणून इथे पंखा कधीच वाया जात नाही.

फुकटचा पंखाही आहे: खारे वारे. सकाळी उशिरा सुरू होतात आणि दिवेलागणीपर्यंत पश्चिमेकडून वाहतात, नेमके गायीच्या वाईट वेळेला. पण आपले बहुतेक गोठे पश्चिमेला बंद असतात, पावसाळ्यात झड येते म्हणून. चार महिन्यांच्या झडीसाठी आपण आठ महिने वारा अडवून ठेवतो. पश्चिमेची भिंत गुडघ्याएवढी ठेवून वर जाळी मारा आणि पावसापुरता झापांचा आडोसा बांधा, दसऱ्याला सोडा. उतरतं ऊन येईल म्हणाल, तर तिथे नारळ-सुपारी लावा. वर सावली, खाली खोडांमधून वारा मोकळा. जाळी भक्कमच हवी. बिबट्याच्या भीतीने गोठा चारी बाजूंनी बंद करून रात्री गायी वाफेवर शिजवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांची भीती खोटी नाही.

पत्र्यावर पेंढा किंवा झावळ्यांचा जाड थर द्या, वरून चुन्याचा हात मारला तरी फरक पडतो. पुढे कधी पैसे आले तर कौलं घाला. आढ्याशी फट ठेवा, गरम हवा वर जाऊन निघून जाऊ दे.

खाण्याचं गणित वेळेचं आहे. खाल्ल्यानंतर काही तासांनी पोटातली चूल सर्वांत जोरात पेटते. सकाळी ९ ला भरपूर घातलंत तर चूल आणि दुपार एकत्र येतात. दोन तृतीयांश खाणं संध्याकाळ ते पहाट या वेळात द्या. पेंढ्याने पेंडीपेक्षा जास्त उष्णता होते हे खरं, पण म्हणून पेंढा तोडून पेंड वाढवू नका, पोट आंबट होईल. हिरवं, कोवळं, कापून द्या. खाण्याचा सोडा दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास आंबोणात, मीठ आणि खनिज मिश्रण रोज. पाणी मात्र मोजू नका. अशा गायीला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर लागतं आणि ते सावलीत, तोंडाशी, रात्रीही हवं. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, हे मलाही कळतं. पण पिण्याचं पाणी तोडून पाठीवर मारू नका. आणि धापणाऱ्या गायीच्या घशात बाटलीने काहीही ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर गाय फुप्फुसाच्या दुखण्याने जाते.

एवढं करून दूध १२ वर येईल का? १० वर आलं तरी मी खूश होईन. पुढच्या वेळी गाय घेताना एचएफचं रक्त निम्म्यावर राहील असं बघा, किंवा जर्सी संकरित बघा. लहान अंगाची असते, इथे बरी निभावते.

आता गाभण गायीचं. ती श्रावणात विणार, तेव्हा हा सगळा हिशोब उलटा फिरतो. लोक म्हणतात २५ अंशांत कसली थंडी? पण वासरू जन्मतं ते नखशिखांत ओलं. त्याच्या अंगावर अर्धा लिटर पाणी असलं तर ते सुकायला जवळपास ३०० किलोकॅलरी लागतात आणि २५ किलोचं वासरू एका अंशाने गार व्हायला २० किलोकॅलरी गेल्या तरी पुरे. सगळी उष्णता त्याच्याच अंगातून जाते असं नाही, काही हवेतूनही येते. पण गोठ्यात झड आणि वारा असेल तर जे बाष्पीभवन मे महिन्यात आपण पंखे लावून मागत होतो, तेच जुलै-ऑगस्टमध्ये वासराचा जीव घेतं. ओले केस अंगाला चिकटतात, केसांत हवा धरून ऊब राखायची त्यांची सोय संपते. वासराजवळ तेव्हा दोनच आधार असतात, कुडकुडणं आणि जन्मतः मिळालेली थोडी तपकिरी चरबी. ही चरबी न हलता जळून ऊब देते, पण काही तासांत संपत येते.

म्हणून गायीला ते चाटू द्या, आणि ती चाटत नसेल तर कोरड्या गोणपाटाने अंग खसखसून पुसा, पाठ, छाती, कान, पायांच्या बेचक्या. जाड कोरडा पेंढा घाला आणि रोज बदला, ओल्या कोब्यावर ठेवू नका. पहिला चीक तासाभरात पोटात गेला पाहिजे, त्याच्या चुलीतलं पहिलं लाकूड ते आहे. मग त्याच्या तोंडात बोट घाला. आतून गार लागलं आणि चोखत नसेल तर वासरू थंडावलंय. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत ठेवा, चुलीशेजारी आणा, आणि तेव्हा मात्र रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.